पाचशे अक्षरांचा रकाना

एकतीस लाख ओळी आणि हातात चार दिवस. नोएडाच्या सेक्टर सोळामधल्या त्या ऑफिसात सोमवारी सकाळी मीटिंग झाली, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते. काम एका सरकारी खात्याचं. सहा राज्यांतल्या पोलीस ठाण्यांत आणि सरकारी दवाखान्यांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बेवारस मरण पावलेल्या माणसांच्या नोंदी जुन्या रजिस्टरांतून टाइप करून घेतलेल्या होत्या. हरवलेल्या माणसांच्या याद्या आणि इतर किरकोळ नोंदी धरून एकतीस लाख. त्या सगळ्या एका डेटाबेसच्या टेबलात भरायच्या, म्हणजे कुणाही घरच्या माणसाला कुठल्याही शहरातून शोधता येईल.

आधीच्या टीमनं लिहिलेला प्रोग्राम एकेक ओळ वाचायचा, ती टेबलात घालायचा, पक्की करायचा आणि मग पुढची उचलायचा. वीस हजार ओळींना दीड तास लागला होता.

"मतलब पूरे दस दिन," मॅनेजर अरोरा म्हणाले. "पाटणकरजी, अब आप ही कुछ कीजिए."

जयंत पाटणकर अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला, दिल्लीतच वाढलेला, डेटाबेसच्या कामात वीस वर्षं काढलेला. बोलणं कमी, कामाला चोख. त्यानं प्रोग्रामकडे पाहिलं आणि हाताखालच्या अलकाला समजावून सांगितलं, "विटांचा ट्रक आलाय आणि आपण एकेक वीट जिन्यानं वर नेतोय. प्रत्येक विटेला वर जाऊन सही, शिक्का, नोंद. हे बंद करायचं. आधी एक साधं कच्चं टेबल करू. त्याला इंडेक्स नको, नियम नको. सगळी फाइल एकदम त्यात ओतू. मग आतल्या आत तपासून एका फटक्यात पक्क्या टेबलात हलवू. इंडेक्स सगळ्यात शेवटी."

"इंडेक्स शेवटी का, सर?"

"पुस्तक छापून झाल्यावर सूची करतात की प्रत्येक पान लिहिताना?"

अलका हसली. दुपारी जेवणानंतर त्यांनी काम सुरू केलं. बावीस मिनिटांत एकतीस लाख ओळी कच्च्या टेबलात आल्या, आणि संध्याकाळचा चहा येईपर्यंत पक्क्या टेबलात. टीमनं टाळ्या वाजवल्या. अरोरांनी समोसे मागवले.

समोसे खाऊन सगळे उठले, तेव्हा जयंत एकटाच स्क्रीनसमोर बसला. त्यानं टेबलाला एक प्रश्न विचारला: पुरुष, वय पंचवीस ते तीस, ऑक्टोबर १९९८ पासूनच्या सहा महिन्यांतला, मध्य प्रदेश. एक्केचाळीस ओळी आल्या. त्यानं त्या एकेक करून वाचल्या. एकही जुळली नाही. त्यानं खुर्चीला पाठ टेकली. आपल्याला हायसं वाटतंय की वाईट, हे त्याचं त्यालाच कळेना.

सतरा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ विश्वास बेपत्ता झाला होता.

विश्वास मुनिरक्यात एका खोलीत राहायचा. विद्यापीठात भूगोलाचं संशोधन करायचा, म्हणजे करायला हवं होतं. चार वर्षं झाली तरी प्रबंध पुरा होत नव्हता. दर रविवारी तो मयूर विहारला घरी जेवायला यायचा. एका रविवारी आला नाही, आणि पुन्हा कधीच आला नाही. खोलीला कुलूप होतं. आत टेबलावर हृषीकेशच्या कुठल्याशा आश्रमाचं पत्रक सापडलं. वडील श्यामकांत, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, नुकतेच केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. पोलिसांत तक्रार देऊन ते त्याच पत्रकाच्या मागे धावले. जयंत त्यांच्यासोबत होता. हरिद्वार, हृषीकेश, एकेक आश्रम, एकेक घाट, हातात विश्वासचा फोटो. आठवड्यानं, ऐन दिवाळीत, दोघं हात हलवत परत आले. त्यानंतर अण्णा दरवर्षी उत्तराखंडात जात राहिले. आई, सुनंदाबाई, आठ वर्षं वाट पाहून गेल्या. अण्णा मात्र अजून वाट पाहत होते.

एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढचं एकट्या जयंतला माहीत होतं.

विश्वास नाहीसा होण्याआधीच्या शुक्रवारी जयंत त्याच्या खोलीवर गेला होता. विश्वासनं त्याला सांगितलं की मी प्रबंध सोडतोय. बैतूलजवळ माझ्या मित्राची, अविनाशची, आदिवासी मुलांसाठी शाळा आहे. तिथं शिकवायला जातोय. उद्याच निघतोय. अण्णांना तू समजाव.

"मी?" जयंत भडकला होता. "लहानपणापासून तुझं सगळं मीच निस्तरायचं का? आई-अण्णांनी काय काय स्वप्नं पाहिली तुझ्यासाठी, ठाऊक आहे?"

"दादा, मला नाही जमत रे इथं. गुदमरतो मी."

"मग जा. जायचं तिथं जा. पण परत तोंड दाखवू नकोस. माझ्यापुरता तू मेलास."

तो जेवायला आला नाही त्या रविवारनंतरच्या मंगळवारी अण्णांनी विचारलं, "जयंता, तुझ्याशी काही बोलला होता का तो?" आणि जयंत म्हणाला, "नाही." ते एक 'नाही' तोंडातून गेलं आणि मग मागे घेता आलं नाही. बैतूलचं नाव काढलं असतं तर भांडणही सांगावं लागलं असतं. त्याला वाटलं, पोचला असेल शाळेत, राग उतरला की कळवेल चार दिवसांत. शाळेला फोन नव्हता. हरिद्वारहून परतल्यावर जयंतनं गुपचूप अविनाशला पत्र टाकलं. डिसेंबरात उत्तर आलं: विश्वास येणार म्हणाला होता, पण इथं आलाच नाही. ते वाचून जयंतनं मनाशी ठरवलं, की तो तिकडे गेलाच नाही तर आता सांगून काय उपयोग? पत्र त्यानं फाडून टाकलं.

ऑफिसात मंगळवारी सकाळी अलका त्याच्या टेबलापाशी आली. "सर, बॅड फाइलचं काय करायचं?"

टेबलानं न घेतलेल्या ओळी या वेगळ्या फाइलीत जाऊन पडतात. कुठे तारखेच्या जागी भलतंच काही, कुठे रकाने कमीजास्त. अशा एक हजार आठशे शेहेचाळीस ओळी होत्या.

"छोड़ दो यार," अरोरा जाता जाता म्हणाले. "इकतीस लाख में अठारह सौ. कौन पूछता है?"

"सर, एक-एक इंसान है वो," जयंत म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा चढा निघाला. अरोरा चमकले आणि खांदे उडवून पुढे गेले.

जयंत आणि अलकानं ओळी वाटून घेतल्या. मंगळवार तारखा सुधारण्यात गेला. बुधवारी दुपारी जयंतकडे शेवटचा गठ्ठा उरला. या ओळींमध्ये चूक काहीच नव्हती. वर्णन लांब होतं, एवढंच. वर्णनाचा रकाना पाचशे अक्षरांचा होता, आणि तो जयंतनंच ठरवला होता. बेवारस मृतदेहाबद्दल पाचशेच्या वर अक्षरं कोण लिहिणार, असं त्याला वाटलं होतं. बहुतेक नोंदी तशाच होत्या: 'पुरुष, सावळा, निळा शर्ट.' पण चौऱ्याहत्तर जणांबद्दल कुणीतरी जास्त लिहिलं होतं. कुणीतरी थांबून, नीट पाहून, जिवाभावानं लिहिलं होतं, आणि नेमक्या त्याच ओळी टेबलानं बाहेर टाकल्या होत्या.

त्यातली एकविसावी ओळ त्यानं उघडली. बैतूलच्या अलीकडच्या एका लहान गावातला सरकारी दवाखाना.

'पुरुष, उम्र छब्बीस-अट्ठाईस, रंग गेहुआँ. ग्यारह अक्टूबर अट्ठानवे को प्लेटफॉर्म दो पर बेहोश मिला. सामान कोई नहीं, शायद चोरी हुआ. बाएँ पैर की दूसरी और तीसरी उँगली जन्म से जुड़ी हुई. जेब में चश्मा, एक काँच टूटा. सफेद रूमाल, कोने में हाथ की कढ़ाई से "वि" लिखा है. बुखार दिमाग पर चढ़ा था. नाम-पता पूछने पर बता नहीं सका. बोली मराठी या गुजराती लगी. छह दिन भरती रहा. बार-बार अपने दादाजी को बुलाता था. बहुत बेचैन होता था तो हम लोगों ने कह दिया कि दादाजी चल पड़े हैं, आ रहे हैं. तब चुप हो जाता था. सत्रह अक्टूबर, सुबह छह बजे मृत्यु.'

जयंतनं ओळ एकदा वाचली. मग पायाच्या बोटांपाशी परत आला. लहानपणी तो विश्वासची ती दोन जुळलेली बोटं धरून त्याला खेचत न्यायचा आणि आई ओरडायची. मग तो दादाजींपाशी आला. आजोबा विश्वासच्या जन्माआधीच गेले होते. विश्वासनं उभ्या आयुष्यात दादा म्हणून एकाच माणसाला हाक मारली होती.

"सर?" अलका पलीकडून म्हणाली. "सर, काय झालं? पाणी आणू?"

त्यानं स्क्रीनकडे बोट दाखवलं. अलकानं वाचलं, पण तिला त्यातलं काय कळणार?

"माझा भाऊ आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "रकाना मोठा कर. चार हजार अक्षरांचा. सगळ्या चौऱ्याहत्तर ओळी पुन्हा घाल." हे सांगताना त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता. अलका रडू लागली, तो रडला नाही.

घरी त्यानं तीन दिवस काही सांगितलं नाही. फक्त बायकोला, नीलाला, सांगितलं, भांडणासकट. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अण्णांना सांगायला हवं. सगळं. अर्धं सांगशील तर मला तोंड दाखवू नकोस." ते शब्द ऐकून तो असा दचकला, की तिला आपण काय बोललो ते कळलं आणि तिनं त्याचा हात धरला.

रविवारी सकाळी अण्णा बाल्कनीत ऊन खात पेपर वाचत होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, पाठ अजून ताठ. जयंतनं छापील कागद त्यांच्यासमोर धरला आणि शेजारी वेताच्या मोड्यावर बसला. अण्णांनी चष्मा पुसला, कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि पुन्हा वाचला.

"विशूच," ते म्हणाले. "रुमाल तुझ्या आईनं केले होते. सहा." कागदावर त्यांचा अंगठा फिरत राहिला. "छान अक्षर असेल या माणसाचं. किती नीट लिहिलंय."

"अण्णा, मला काही सांगायचंय."

"आजोबांना कशाला हाका मारेल तो?" अण्णा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी मान वर करून जयंतकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख पटल्याचं दिसलं. "तुला बोलावत होता."

"हो."

"पण हा तिकडे बैतूलकडे कशाला गेला?"

तेव्हा जयंतनं सांगितलं. मुनिरक्याची खोली, अविनाशची शाळा, स्वतःच्या तोंडचे शब्द, जसेच्या तसे, काही न गाळता. मंगळवारचं 'नाही'. अविनाशचं पत्र. सांगताना त्यानं खाली फरशीकडेच पाहिलं. खाली भाजीवाला ओरडत गेला. नीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"सतरा तारखेला गेला," अण्णा अखेर म्हणाले. "सतराला आपण हरिद्वारला होतो."

"हो, अण्णा."

"अकरापासून सहा दिवस तो तिथं होता."

"हो."

"मंगळवारी निघालो असतो तर बुधवारी पोचलो असतो."

अण्णांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि भिंतीला धरून आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण नीलाला म्हणाले, "त्याला सांग, मला त्या गावाला जायचंय. तिकिटं काढ म्हणावं." जयंत समोरच बसला होता.

गाव लहान होतं. दवाखान्याची इमारत नवी झाली होती, पण जुन्या रजिस्टरांची कपाटं अजून होती. पोलीस ठाण्यातल्या फायलीत एक फोटो निघाला. अण्णांनी तो पाहिला आणि होकारार्थी मान हलवली. नोंद लिहिणारे बाबू निवृत्त होऊन गावातच राहत होते. सत्तरीचे, अंगात बनियन, दारात तुळस. दिल्लीहून कोण आलंय ते कळल्यावर त्यांनी लगबगीनं शर्ट घातला.

"याद है मुझे," ते म्हणाले. "दिवाळी के पहले की बात है. पढ़ा-लिखा लड़का था, हाथ देखकर पता चलता था. मेरे बेटे की उमर का था."

"पानी माँगता था?" अण्णांनी विचारलं.

"मेरी घरवाली ने चम्मच से पिलाया, बाबूजी. वो वहीं दाई थी. रोज़ पिलाती थी."

अण्णांनी दोन्ही हात जोडले आणि ते खाली घ्यायला विसरले. बाबू ओशाळले, त्यांचे हात धरून त्यांना खाटेवर बसवलं. मग चाचरत म्हणाले, "दादाजी को बहुत याद करता था. आप ही हैं क्या?"

"नहीं," अण्णा म्हणाले. "हमारे यहाँ बड़े भाई को दादा कहते हैं." त्यांनी हातानं जयंतकडे दाखवलं. "ये है."

बाबूंनी जयंतकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ठपकाही नव्हता. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. उलट त्यांनी जयंतच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आपका ही नाम लेते-लेते गया, भैया. बड़ा प्यार रहा होगा." तेव्हा कुठे जयंतचा बांध फुटला. अंगणात उभ्या उभ्या तो लहान मुलासारखा हमसाहमशी रडला. बाबू त्याला थोपटत राहिले. अण्णा खाटेवर बसून समोर पाहत होते.

गावातल्या समितीनं तेव्हा नदीकाठी अंत्यसंस्कार केले होते. दोघं तिथं गेले, तेव्हा पाणी कमी होतं, घाट असा नव्हताच. अण्णांनी तीळ सोडले. गावातून बोलावलेल्या भटजींनी मोठ्या मुलालाही बोलावलं, तेव्हा अण्णा बाजूला सरकले आणि त्यांनी जयंतला जागा दिली.

स्टेशनवर आल्यावर जयंत दिल्लीच्या गाडीची चौकशी करायला निघाला. अण्णा म्हणाले, "एकच तिकीट काढ तुझं. मी नागपूरला जातो." लता, जयंतची धाकटी बहीण, नागपुरात होती. अण्णांनी तिला आधीच फोन करून ठेवला होता.

"किती दिवस, अण्णा?"

"माझे कपडे नीला पाठवेल."

नागपूरची गाडी आधी आली. जयंतनं त्यांना खिडकीपाशी बसवलं, पिशवी वर ठेवली, पाण्याची बाटली दिली. पाया पडायला वाकला, तर अण्णा पायांकडे पाहत राहिले, त्याच्याकडे नाही. तो खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. इंजिनानं शिटी दिली.

"जयंता," अण्णांनी गजांमधून हाक मारली.

तो पुढे झाला.

"हरिद्वारला मी तुला रोज विचारत होतो ना रे? घाटावर बसलो की? काही आठवतंय का बघ, काही बोलला असेल म्हणून?"

"हो, अण्णा."

"रोज विचारत होतो," अण्णा म्हणाले.

गाडी हलली. जयंत थोडं अंतर खिडकीसोबत चालला, मग प्लॅटफॉर्म संपायच्या आधीच थांबला. दिल्लीची गाडी यायला अजून तीन तास होते.